बॅग भरण्याआधी थोडं ऐक

अगं, जर्मनीतल्या एक्स्चेंज सेमिस्टरसाठी निवड झाली, पत्र आलं, घरोघरी पेढेही वाटून झाले आणि आता रात्रीची झोप उडाली आहे ना? उडणारच. व्हिसा, पैसे, खोली, क्रेडिट, थंडी, आणि वर आईचं ‘तिथे खाशील काय?’ खरं सांगू का, यातलं एकही काम तुझ्या आवाक्याबाहेरचं नाही. फक्त सगळी एकदम करायला जाऊ नकोस, आणि एकटीने तर मुळीच नको. जर्मनीत लवकर कोण रुळतं, माहितीये? जी बेधडक विचारते ती.

आधी इथलं आवर. बघ, तिकडच्या बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि मग परीक्षा. आपल्याकडे तोवर पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. म्हणजे इथली हजेरी बुडणार, हे आत्ताच धरून चाल. विभागप्रमुखांना भेट आणि परवानगी लेखी घे. ‘बघू गं, करू काहीतरी’ यावर विसंबू नकोस. विषयांच्या यादीचं, म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंटचंही तसंच. तिकडे पूर्ण सेमिस्टर ३० क्रेडिटचं धरतात, पण तुझ्या विभागाला किती हवेत ते विचार आणि तेवढ्यावरच थांब. तिथे पोचल्यावर एखादा विषय बदलावा लागला, तर लगेच इकडे ईमेल टाकून होकार मागव.

आता पैसे. एक्स्चेंज करारातून जातेस, तेव्हा फी सहसा आपल्याच विद्यापीठात भरायची. तिकडे सेमिस्टरची ठरावीक वर्गणी तेवढी द्यावी लागते. शिष्यवृत्ती पुरेशी नसेल, तर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडावं लागतं. महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने तिथल्या सगळ्या महिन्यांचे पैसे आधीच भरायचे, मग ते महिन्याच्या महिन्याला तुझ्या हातात येतात. आकडा बघून बाबांना घाम फुटेल. त्यांना शांतपणे सांग, की हे तुझ्याच राहण्याजेवणाचे पैसे आहेत, कुणाच्या घशात गेलेले नाहीत. मात्र पहिल्या महिन्याची सोय वेगळी ठेव. खोलीचं डिपॉझिट आधी भरावं लागतं आणि खातं चालू व्हायला वेळ लागतो.

बॅग भरताना आईशी एकदाच प्रेमाने भांडून घे. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे तुपाची बरणी, पेढे, खव्याच्या पोळ्या, सगळं घरीच ठेवायचं. ताजा कढीपत्ताही नको, त्याला वेगळा दाखला लागतो. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि हिंगाची डबी घे; डाळी-बेसन तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं. कुकर नेणार असशील तर आधी त्याच्या तळाला लोहचुंबक लावून बघ. चिकटला तरच ने. शेगडी इंडक्शनची निघाली, तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणारच नाही. चार्जर दोन गोल पिनांचा चालतो, आपला तीन पिनांचा नाही.

पोचल्यावर पहिले दिवस कागदांचे. खोली देणाऱ्याकडून तू तिथे राहतेस असा सही केलेला कागद घ्यायचा, तो घेऊन दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. पुढच्या बऱ्याच कामांना नोंदणीचा तोच दाखला मागतात. अपॉइंटमेंट मिळत नसेल तर खोलीत रडत बसू नकोस. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन सांग, त्यांच्याकडे रोज हेच प्रश्न येतात. आणि हो, टेबलापलीकडची बाई हसणार नाही, ‘कधी आलीस?’ असंही विचारणार नाही. एकेक कागद उलटून बघेल, टकटक टाइप करेल, शिक्का मारेल आणि पुढचा नंबर पुकारेल. ती तुझ्यावर चिडलेली नाही गं, तिचं काम करते आहे.

अभ्यासात एक गोष्ट मनावर कोरून ठेव. तासाला बसलीस म्हणजे परीक्षेला बसता येईलच असं नाही. परीक्षेची नोंदणी बहुतेक ठिकाणी वेगळी असते आणि तारीख उलटली की सहसा कुणी ऐकत नाही. ती तारीख पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव. निकालात १.० दिसलं तर घाबरू नकोस, तो सगळ्यात वरचा शेरा, ४.० पर्यंत पास.

आणि मन. डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, नोव्हेंबरपासून सूर्य रुसल्यासारखा. तेव्हा घरची आठवण अशी काही दाटून येते, की वाटतं सगळी संध्याकाळ व्हिडिओ कॉलवरच काढावी. नको गं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि आपल्याशी अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातं. तेव्हा आईशी बोलायची एक वेळ ठरवून टाक, म्हणजे तीही जागत बसणार नाही. बाकीच्या संध्याकाळी सामाईक स्वयंपाकघरात जा. खिडकी उघड, फोडणीने धुराचा अलार्म वाजायला नको! मूठभर पोहे जास्त भिजव आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीला बशी भरून दे. तीही नवखीच असेल, तिलाही कुणीतरी हवंच असतं. आणि मन फारच खाली गेलं, तर विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाची सोय असते, तिथे जा. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाताना लाजतेस का? मग यातही लाजायचं नाही. आणीबाणीच्या प्रसंगासाठी ११२ हा नंबर पाठ असू दे.

सगळं जमायलाच हवं असं कुणी सांगितलंय? एखादा विषय अवघड जाईल, जर्मन बोलताना जीभ अडखळेल, चालतं. आजवर इतकं निभावलंस, हेही निभावशील. फक्त अडलीस की विचार. सुरुवात आजच कर: विभागप्रमुखांची वेळ माग, आणि ती मिळाली की मगच बॅगेला हात लाव.