कायद्याचं पहिलं पान : एफआयआर, जामीन आणि साक्षीदार



आपल्या सिलॅबसमध्ये मॅथ्स आहे, मेकॅनिक्स आहे, पण कायदा नाही. मात्र होस्टेलवर कुणाचा मोबाईल चोरीला गेला किंवा कुणाच्या ताईला सासरी त्रास झाला, की रूमवर कायद्याची चर्चा सुरू होते आणि उत्तरं मिळतात ती सिनेमातली! म्हणून नेहमी विचारले जाणारे पाच प्रश्न इथे घेतले आहेत. हे प्रश्न किती महत्त्वाचे आहेत ते समजायला आपल्या भंडारा जिल्ह्यातलं एक प्रकरण पुरेसं आहे.

मोहाडी तालुक्यातील खैरलांजी. सप्टेंबर २००६ मध्ये भोतमांगे या दलित कुटुंबाच्या ओळखीच्या एका पोलीस पाटलांना मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी मारणाऱ्यांची नावं पोलिसांना सांगितली, म्हणजे त्या साक्षीदार झाल्या. २९ सप्टेंबरला त्या आरोपींना जामीन मिळाला. त्याच संध्याकाळी जमावाने घरावर हल्ला केला आणि सुरेखा, प्रियंका, सुधीर व रोशन या चौघांना ठार मारले. वडील भैयालाल तेवढे वाचले. पुढे तपास सीबीआयकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली मात्र शिक्षा झाली नाही. भैयालाल २०१७ मध्ये वारले.

आता प्रश्नांकडे वळू या.

प्रश्न १ : पोलीस तक्रार घ्यायला नाही म्हणू शकतात का?
गुन्हे दोन प्रकारचे असतात. खून, बलात्कार, दरोडा असे गुन्हे दखलपात्र. शिवीगाळ, किरकोळ मारहाण हे साधारणपणे अदखलपात्र. त्यात फक्त एनसी होते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यानुसार ३ ते ७ वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. तरीही तक्रार घेतली नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. तिथेही काम झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागून घ्याच.

प्रश्न २ : "ही आमची हद्द नाही" असं सांगितलं तर?
समजा, गोंदियाहून येताना ट्रेनमध्ये बॅग चोरीला गेली आणि तुम्ही वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनला उतरलात. चोरी नेमकी कुठे झाली ते तुम्हाला माहीत नाही. हरकत नाही! हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांच्या आत सही करावी लागते.

प्रश्न ३ : जामीन मिळाला म्हणजे आरोपी सुटला का?
नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. जामीन म्हणजे खटला चालेपर्यंत बाहेर राहण्याची परवानगी, निर्दोष असल्याचं सर्टिफिकेट नव्हे. जामीनपात्र गुन्ह्यात तर तो आरोपीचा हक्कच आहे. गंभीर गुन्ह्यात कोर्ट अटी घालतं, त्यातली एक महत्त्वाची अट म्हणजे साक्षीदारांना धमकवायचं नाही. कुणी धमकी दिली तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा आणि पोलिसांना व सरकारी वकिलांना लगेच लेखी कळवा. जामीन रद्द होऊ शकतो.

प्रश्न ४ : साक्ष दिली तर माझं रक्षण कोण करणार?
खैरलांजीनंतर हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात तरी कुणी हसण्यावारी नेऊ नये. ५ डिसेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आणि महिलांवरील काही गुन्ह्यांत साक्षीदार स्वतः अर्ज करू शकतो. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते. मग घराजवळ गस्त, फोन नंबर बदलणे, तात्पुरती राहण्याची सोय असे उपाय करता येतात. २००६ मध्ये देशात अशी योजना नव्हती. आज आहे, पण अर्ज केल्याशिवाय ती आपल्या दारात येत नाही.

प्रश्न ५ : ताईला सासरी त्रास आहे. सासर रायपूरला, ती माहेरी भंडाऱ्याला आली. केस कुठे करायची?
भंडाऱ्यातही करता येते. छळाचा गुन्हा (जुनं कलम ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) ती जिथे आसऱ्याला आली तिथेही नोंदवता येतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. पोटगीचा अर्जही तिथेच चालतो. आणि कुणाला जेलमध्ये पाठवायचं नसेल, फक्त राहायला घर, संरक्षण आणि खर्च हवा असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जावं. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. अनुसूचित जाती-जमातींनाही हा हक्क आहे. मेसमधल्या मावशींना आणि सफाईवाल्या ताईंनाही हे नक्की सांगा.

प्रॅक्टिकलचं रीडिंग आपण त्याच दिवशी जर्नलमध्ये लिहून सरांची सही घेतो. कायद्यातही तसंच आहे. लवकर, लेखी आणि कॉपी हातात! तोंडी सांगितलेलं हवेत जातं, कागदावरचं कोर्टापर्यंत पोहोचतं. सुरेखाताई आणि प्रियंका यांनी भीती असूनही खरं सांगितलं. त्यांनी आपलं काम केलं होतं. त्यांना सुरक्षित ठेवण्याचं काम बाकीच्यांचं होतं, आणि ते झालं नाही. म्हणून उद्या आपल्यातला कुणी साक्ष द्यायला उभा राहिला, तर "कशाला भानगडीत पडतो" असं म्हणू नका. त्याच्याबरोबर ठाण्यात जा, अर्ज लिहायला मदत करा.

तातडीची मदत हवी असेल तर ११२, महिलांसाठी १८१ आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००. हे तीन नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा.