भ्रमणध्वनीवरील इंटरनेट : वेग, व्याप्ती आणि खर्च

सायंकाळी सातच्या सुमारास ‘नेट गेले’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते आणि बहुतेक जण पहिला उपाय करतात तो नव्या रिचार्जचा. हा उपाय कधी लागू पडतो, कधी मुळीच पडत नाही. कारण ‘नेट गेले’ या दोन शब्दांत तीन निरनिराळे दोष सामावलेले असतात : मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरी क्षीण असणे, मनोऱ्यावर गर्दी होणे आणि विकत घेतलेला डेटा संपणे. यांपैकी रिचार्जने दूर होतो तो केवळ तिसरा.

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्या वेळी वाहून न्यायचा होता तो फक्त आवाज. पुढे २००८ च्या अखेरीस तिसरी पिढी, २०१२ मध्ये चौथी आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचवी पिढी देशात अवतरली. प्रत्येक पिढीत तेवढ्याच लहरींतून अधिक माहिती नेण्याची युक्ती साधली आहे. मात्र ही युक्ती मनोरा आणि हातातील संच या दोघांनाही अवगत असावी लागते. ज्या गावच्या मनोऱ्यावर फोर-जीचीच यंत्रणा आहे, तेथे फाइव्ह-जीचा महाग संच घेतल्याने वेग वाढत नाही.

लहरींचा स्वभावही ध्यानात घेण्याजोगा आहे. ७०० ते ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर जातात व भिंतींतूनही बऱ्यापैकी शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पुढील लहरी माहिती पुष्कळ वाहतात, परंतु लवकर थकतात. शाळेच्या स्लॅबच्या खोलीत अडलेले काम पटांगणात होते, ते यामुळे. सह्याद्रीच्या खोऱ्यात मधे डोंगर आला की दोन्ही प्रकारच्या लहरींचा इलाज खुंटतो.

गर्दीची गोष्ट वेगळी. मनोऱ्याची क्षमता त्या भागातील सर्व ग्राहकांत वाटली जाते, पाटाचे पाणी वाटले जावे तशी. तेव्हा सायंकाळी रेंगाळणारे काम पहाटे पाचला करून पाहावे. ते झटपट झाले, तर दोष गर्दीचा होता आणि अधिक डेटा घेण्यात अर्थ नाही, हे उघड होते.

आता तिसरा दोष. येथे हिशेब चुकतो तो बिट व बाइट यांच्या घोटाळ्याने. वेग बिटमध्ये मोजतात, साठा बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. सेकंदाला १ मेगाबिट या गतीने चालणारे चलच्चित्र तासाला ४५० मेगाबाइट खाते, म्हणजे दिवसाचा १.५ गीगाबाइटचा वाटा ३ तास २० मिनिटे पुरतो. तेच चित्र अधिक स्पष्ट करून ५ मेगाबिटवर पाहिले, तर हा वाटा ४० मिनिटांत संपतो! पडद्यावरील बोटभर चौकटीत एवढी स्पष्टता डोळ्यांना जाणवतही नाही.

वाटा संपल्यावर अनेक योजनांत वेग ६४ किलोबिटवर उतरतो. त्या वेगाने ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र पाठविण्यास सव्वासहा मिनिटे लागतात. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्रासह भ्रमणध्वनीवरून नोंदविणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले, तेव्हा हा विलंब थेट मजुरीच्या प्रश्नाशी जाऊन भिडला. शिक्षक व ग्रामसेवक यांनाही अशी छायाचित्रे व माहिती वरचेवर पाठवावी लागते. या कामी अनेकदा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या रिचार्जचाच डेटा खर्ची पडतो आणि तो कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही, ही बाब वरिष्ठांनी विचारात घेण्याजोगी आहे.

योजना निवडताना किमतीला दिवसांनी भागावे. २८ दिवसांच्या योजनेत वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज करावे लागतात. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांची किमान एक योजना ठेवावी, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. ज्या वृद्धांना केवळ बोलणे व संदेश एवढेच हवे, त्यांच्यासाठी डेटाविरहित योजना देण्याचे बंधन डिसेंबर २०२४ मध्ये घातले गेले. त्यांची जाहिरात क्वचितच दिसते, म्हणून दुकानदाराकडे त्या मागून घ्याव्या लागतात. रोजचा वाटा उरला तर सहसा मध्यरात्री तो बुडतो. ज्याचा वापर आठवड्यातून दोनच दिवस पण भरपूर असतो, त्याला रोजच्या वाट्यापेक्षा महिन्याचा एकत्रित साठा सोयीचा पडतो.

संचातही थोडी व्यवस्था करावी. गटांत येणारी छायाचित्रे व चित्रफिती आपोआप उतरून घेणे बंद ठेवावे, अ‍ॅप अद्ययावत करण्याचे काम वायफायवर सोपवावे आणि कोणत्या अ‍ॅपने किती डेटा घेतला, हे ‘सेटिंग’मध्ये महिन्यातून एकदा पाहावे. न उघडलेली अ‍ॅपही डेटा खात असल्याचे तेथे आढळते.

२०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्यात येत आहे. जेथे ती जोडणी चालू आहे, तेथे शिक्षकाने पाठाची चित्रफीत पंचायत कार्यालयात एकदाच उतरवून घ्यावी व विद्यार्थ्यांच्या पालकांना संचातून संचात ब्लूटूथद्वारे द्यावी. तीस घरांचा डेटा वाचतो. वीज गेली की तारेच्या टोकाचे यंत्र बंद पडते, म्हणून बॅटरी चालू स्थितीत आहे किंवा नाही, याची पाहणी सदस्यांनी अधूनमधून करावी.