फाइल कुणालाच अडवत नाही

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड व्यापाऱ्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. टीम छोटी, बहुतेक जण उधना-लिंबायतच्या खान्देशी घरांतले. कामांची नोंद ऑर्ग-मोडमध्ये. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ईमॅक्स या एडिटरसाठी तो सुरू केला. ओळीआधी चांदणी, पुढे टूडू, काम झालं की डन. साधा मजकूर, कुठल्याही मशीनवर उघडतो. मला तो आजही सगळ्यात जवळचा वाटतो.

पण टीमने वापरायचा तर जपून. दिवाळीआधी बाजार तापला की मेहताजींचे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या हिशेबनिसांचे, फोन सुरू होतात. ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, कापड मिलला शंभर मीटर गेलं, रंगून आलं ते कमी. ही घट कुठे दाखवायची? फाइलमध्ये ओळ पडली, ‘चलानमधली घट’. एवढीच. ज्याने काम घेतलं त्याने महिन्याच्या रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवला. व्यापाऱ्याला घट हवी होती माल उतरवून घेताना, ताक्यागणिक. डन लागलं, आणि गोदामात मेहताजी वहीतच लिहीत राहिले. त्याच स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यात, फोनवर आलेलं प्रत्येक काम मधेच घुसलं. भरीला शेअर केलेल्या फोल्डरमध्ये दोघांनी एकदमच सेव्ह केलं आणि एकाच्या नोंदी गेल्या.

म्हणून सांगतो, फाइल गिटमध्येच ठेवा. दोघांनी एकच ओळ बदलली तर गिट थांबून विचारतं. नुसतं फोल्डर विचारत नाही. चालू स्प्रिंट आणि बॅकलॉग (पुढच्या कामांची यादी) यांची झाडं वेगळी ठेवा. प्रत्येक कामाला एफर्ट, म्हणजे अंदाजे तास, लिहा आणि कॉलम व्ह्यूमध्ये त्याचा बेरजेचा रकाना लावा, म्हणजे तासांची बेरीज दिसते. ती टीमच्या तासांपलीकडे गेली की नवं काम घेताना एक जुनं बाहेर काढायचं, मग फोन कितीही मोठ्या शेठचा असो. अडलेल्या कामाला वेटिंग लावलं की कारणाची टीप मागायला ऑर्गला सांगता येतं. ती सोय जरूर चालू करा, नाहीतर कोण कुणासाठी थांबलंय हे आठवड्याने कुणालाच सांगता येत नाही.

आणि कामाच्या ओळीखाली लिहा: हे कोण वापरणार, कुठे उभं राहून, काय दिसलं म्हणजे झालं. २००१ च्या अजाइल जाहीरनाम्याची तत्त्वंही चालतं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप मानतात. स्प्रिंटअखेर गोदामात जा, आलेल्या मालाची नोंद मेहताजींना स्वतः करू द्या. डन त्यानंतर लावा.