पार्सल बांधतानाच पुरावा बांध

पोरी, चार्जबॅकची, म्हणजे गिऱ्हाइकानं बँकेमार्फत पैसे परत मागितल्याची, मेल आली की आधी रक्कम बघू नको, तारीख बघ. उत्तर कधीपर्यंत द्यायचं ते मेलमध्येच लिहिलेलं असतं. कार्ड कंपन्यांच्या नियमात दुकानदाराच्या बाजूला काही आठवडे मिळतात खरे, पण ते आठवडे बँकेचे, तुझे नाहीत. बँकेला कागद तपासायचे असतात, गेटवेला ते बँकेकडे धाडायचे असतात, आणि इथं लोणारात तुझ्या हातात कधी आठवडा उरतो, कधी दोन-चार दिवसच. मुदत टळली की गिऱ्हाइकाचं म्हणणं खरं धरलं जातं. मग तुझ्याकडे पोस्टाची पावती असो नाहीतर घेणाऱ्याची सही, कुणी उघडून बघत नाही. बँकेत कार्डाच्या तक्रारींचं काम मी बरीच वर्षं केलं. हरलेल्या फायलींत लबाड दुकानदार कमी असायचे. उशीर करणारे आणि विचारलेलं सोडून भलतंच सांगत बसणारे जास्त.

आणि ती मेल येते कुठं, हे आजच तपास. खातं उघडताना सीएनं स्वतःचा पत्ता टाकलेला असतो, किंवा वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाचा. तो मुलगा पुण्याला निघून गेलेला असतो आणि तुझी नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते. गेटवेच्या खात्यात तू रोज बघतेस तोच पत्ता आणि तुझाच मोबाइल हवा. शिवाय दर सोमवारी डॅशबोर्ड उघडून ‘डिस्प्यूट’चा कप्पा बघायचा, मेल आलेली असो वा नसो.

पैसा कसा फिरतो तेही समजून घे. गिऱ्हाईक आपल्या कार्डाच्या बँकेकडे तक्रार करतं. ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या मार्फत तुझ्या बाजूच्या बँकेला कळवते. ती बँक रेझरपे, पेयू, कॅशफ्री, जो कुणी तुझा गेटवे असेल त्याला, आणि गेटवे तुला. तोवर तेवढी रक्कम तुझ्या पुढच्या सेटलमेंटमधून कापलेली किंवा अडवलेली असते. तुझं उत्तर याच वाटेनं उलटं जातं आणि पहिला कौल गिऱ्हाइकाच्या बँकेतला माणूस देतो. तू विकतेस ते ज्वारीचे धापोडे त्यानं कधी पाहिलेले नसतात, लोणारचं नाव ऐकलेलं नसतं. तू रात्री जागून माल वाळवलास हे त्याला माहीत नाही आणि त्याला ते विचारायचंही नाही. त्याच्यासमोर तुझी पीडीएफ असते, बस्स.

या व्यवस्थेचा राग मात्र धरू नको. अमेरिकेनं १९७४ साली फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आणला. माल मिळाला नाही किंवा बिल चुकलं तरी कार्डवाल्यानं आधी पैसे भरायचे आणि मग भांडत बसायचं, हे त्या कायद्यानं थांबवलं. तूही उद्या कार्डावर मिक्सर घेशील आणि रिकामा खोका येईल, तेव्हा कार्ड कंपन्यांच्या नियमांतला असाच हक्क तुला तारेल. फक्त न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींच्या हे अंगवळणी पडलंय. तुला फोन करायच्या आधी ते ॲपमध्ये बोट दाबून मोकळे होतात. तक्रारीसाठी त्यांना बहुतेक प्रकारांत १२० दिवस मिळतात, तेही पुष्कळदा माल पोहोचायच्या ठरल्या तारखेपासून. म्हणजे दिवाळीच्या फराळाची तक्रार फेब्रुवारीत येऊ शकते. कागद दीड-दोन वर्षं जपायचे.

आता खरं काम. तुझे पणजोबा आडतीवर होते. पोतं उचलायच्या आधी वहीत सही किंवा अंगठा घ्यायचे, ओळखीचा असला तरी. माल हातातून सुटला की माणसाची आठवण बदलते, असं ते म्हणायचे. तुझ्या धंद्यात ती वही म्हणजे प्रत्येक ऑर्डरचं एक फोल्डर. त्यात ऑर्डरचं पान, बिल, गिऱ्हाइकानं स्वतः टाकलेला पत्ता, पोस्टाची पावती आणि पोहोच. एवढं प्रत्येक ऑर्डरला, मग ती तीनशेची का असेना.

पोस्टाच्या पावतीवर वजन छापलेलं असतं, त्याकडे लोक बघतच नाहीत. समज, दोन किलो ज्वारीचे धापोडे आणि एक किलो कुरडया. खोका बंद केल्यावर काट्यावर ठेव, लेबलावरचं नाव आणि काट्याचा आकडा एका फोटोत येईल असं बघ. काटा ३ किलो ४०० दाखवतोय आणि पोस्टाची पावतीही तेच सांगतेय, तर ‘खोका रिकामाच आला’ हे म्हणणं टिकणं कठीण. नुसत्या बंद खोक्याच्या फोटोला मात्र काही किंमत नाही. माल भरतानाचा छोटा व्हिडिओ काढलास तर उत्तम, पण तो तसाच पाठवता येत नाही. त्यातली दोन-तीन चित्रं काढून पीडीएफमध्ये लाव.

ट्रॅकिंगचं पान ज्या दिवशी ‘पोहोचलं’ दाखवेल त्याच दिवशी साठवून ठेव. ते पान नेटवर कायम राहत नाही. महागडी ऑर्डर असेल तर ओटीपी सांगितल्यावरच पार्सल हाती देण्याची सोय स्पीड पोस्टात १ ऑक्टोबर २०२५ पासून आहे, थोडे जादा पैसे पडतात, ते घाल. आणि पत्ता! ऑर्डर झाल्यावर व्हॉट्सॲपवर ‘ताई, त्या पत्त्यावर नको, मावशीकडे पाठवा’ असं आलं, तर मावशीकडे पाठवू नको. पैसे परत कर आणि नव्या पत्त्यावर नवी ऑर्डर करायला सांग. माल पोहोचला एवढ्यानं भागत नाही, कबूल केलेल्या पत्त्यावर पोहोचल्याचं दाखवावं लागतं.

नोटिशीत कारणाचा एक आकडा असतो. उत्तर त्या आकड्याला द्यायचं. व्हिसाचा १३.१ म्हणजे माल मिळाला नाही. तिथं पोहोच दाखव, धापोड्यांच्या दर्जाचं कौतुक लिहू नको. १३.३ म्हणजे वर्णनाप्रमाणे नाही किंवा खराब निघाला. १३.६ म्हणजे कबूल केलेला परतावा आला नाही. १२.६ म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे गेले. १०.४ म्हणजे हा व्यवहार मी केलाच नाही. मास्टरकार्डकडे त्याला ४८३७ म्हणतात, आणि माल न मिळणं, खराब निघणं, परतावा न येणं या तक्रारी ४८५३ खाली येतात.

उत्तर एका पानाचं, वर तारखा, खाली जोडपत्रं. असं लिही: “४ ऑक्टोबरला ₹२,३४० ची ऑर्डर. ६ ऑक्टोबरला लोणार पोस्टातून स्पीड पोस्टनं रवाना, वजन ३.४ किलो. १० ऑक्टोबरला ऑर्डरमधल्याच पत्त्यावर पोहोच. ११ ऑक्टोबरला ग्राहकाचा संदेश: पार्सल मिळालं. जोडपत्र १ ते ४ पाहावीत.” झालं. हे इंग्रजीत पाठवायचं. गिऱ्हाइकाशी तुझं बोलणं मराठीत झालेलं असणार, तर त्या स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसू दे आणि खाली इंग्रजी भाषांतर लिही. ‘मिळालं गं, मस्त झालेत’ या चार शब्दांनी तुझा दावा सिद्ध होतो, पण परदेशातल्या बँकेतल्या माणसाला ते वाचता तर आले पाहिजेत.

१३.३ ची काळजी विकण्याआधी घ्यायची असते. कुरडई प्रवासात मोडते हे तुला-मला ठाऊक आहे, दुबईत जन्मलेल्या सुनेला नाही. पैसे भरायच्या आधी दिसेल अशा जागी ‘वाहतुकीत काही तुकडे होऊ शकतात’ असं लिहून ठेव. लोणारच्या विवराजवळ खोल्या भाड्यानं देणाऱ्या आपल्या पोरांनाही हेच सांग. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि ते फोटो जगभर गेले. आता तोच फोटो लावून खोलीची जाहिरात केली आणि पाहुण्याला हिरवं पाणी दिसलं, तर तो ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणू शकतो. फोटोखाली ‘जून २०२०’ छापा. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत, हेही बुकिंगच्या पानावर हवं आणि पाहुण्यानं त्यावर टिचकी मारलेली हवी. रिसेप्शनच्या भिंतीवर चिकटवलेला नियम इथं चालत नाही.

१०.४ चं प्रकरण वेगळं. आपल्याकडे ऑनलाइन कार्डाला दुसऱ्या टप्प्याची खातरजमा रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. ओटीपी टाकून झालेला व्यवहार ‘मी केला नाही’ म्हणून उलटवला, तर नुकसान सहसा कार्ड देणाऱ्या बँकेचं असतं. ती नोंद गेटवेकडे मिळते, ती मागून घे. परदेशी कार्ड मात्र ओटीपीशिवायही चालून जातं आणि मग सगळा भार तुझ्यावर येतो. गेटवेला विचारून परदेशी कार्डांनाही खातरजमा सक्तीची करून घे, भले दोन ऑर्डरी कमी येवोत. नव्या परदेशी गिऱ्हाइकाची पहिलीच ऑर्डर वीस हजारांची असेल, कार्ड एका देशाचं आणि पत्ता दुसऱ्या देशाचा असेल, तर आधी बोल आणि मग बांध. खात्री पटावी म्हणून कार्डाचा फोटो किंवा मागचे तीन आकडे मात्र कधीही मागू नको. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारानं कार्डाचा नंबर साठवून ठेवणंच बंद झालंय.

जुनं गिऱ्हाईक उलटलं तर एक आधार आहे. एप्रिल २०२३ पासून व्हिसा १०.४ मध्ये जुने व्यवहार मानतं. त्याच कार्डावरचे, तक्रार न झालेले, १२० दिवसांहून जुने आणि वर्षाच्या आतले दोन व्यवहार हवेत. त्यांत पत्ता, लॉगिन, आयपी, यंत्राची ओळख यांपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात, आणि त्यात आयपी किंवा यंत्र हवंच. म्हणून ऑर्डरबरोबर आयपीची नोंद राहते का, हे वेबसाइटवाल्याला आत्ताच विचारून ठेव.

अशा तक्रारींत खोटे कमी आणि विसरलेले पुष्कळ, हे मात्र लक्षात ठेव. तुझं पान धापोड्यांच्या नावानं आहे, खातं तुझ्या सासऱ्यांच्या फर्मच्या नावानं. महिन्याच्या स्टेटमेंटवर फर्मचं नाव येतं, गिऱ्हाइकाला ते ओळखू येत नाही आणि ते घाबरून बँकेला कळवतं. कार्ड नवऱ्याचं, ऑर्डर बायकोची, असं असलं की हमखास घडतं. गेटवेला सांगून स्टेटमेंटवरचं नाव बदलून घे आणि तोवर बिलावर ठळक लिही, ‘कार्डाच्या हिशेबात अमुक नाव दिसेल’. एवढ्या एका ओळीनं मी कितीतरी भांडणं टळलेली पाहिली.

नोटीस आल्यावर गिऱ्हाइकाला फोन जरूर कर, गोड बोल, पण हातानं पैसे परत करू नको. तिकडून बँक कापते, इकडून तू देतेस आणि एकाच मालाचे पैसे दोनदा जातात. द्यायचेच असतील तर गेटवेवर तक्रार मान्य कर, तेवढ्यानं ते परत जातात. गिऱ्हाईक मागे घ्यायला तयार असेल तर त्यानं आपल्या बँकेला तसं कळवायचं आणि त्याची प्रत तुला द्यायची. तोंडी ‘काढून टाकते हं’ यावर विसंबून उत्तराची मुदत घालवू नको. नोटिशीच्या आधीच परतावा दिला असेल, तर त्याचा एआरएन नंबर गिऱ्हाइकालाही कळव आणि उत्तरातही टाक. बँका त्यावरून पैसे शोधतात.

माल खरोखर चुकला असेल तर लढूच नको. लोणच्याची बरणी फुटली, फोटो आला, मान्य कर आणि मोकळी हो. तक्रारींचं प्रमाण वाढलं की गेटवे पैसे अडवून ठेवतो, खातंही बंद करू शकतो, आणि ₹६०० च्या बरणीपायी ते परवडत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती मिटवायची, ही तुझी जबाबदारी आहेच. फोन उचलणाऱ्या दुकानावर बँकेमार्फत तक्रारी कमी येतात.

यूपीआयवर पैसे घेतेस म्हणून निर्धास्त राहू नको, तिथंही गिऱ्हाईक बँकेमार्फत तक्रार उठवू शकतं. फोल्डर तेच, शिस्तही तीच.

जिंकल्याची मेल आली तरी फाईल लगेच मिटवायची नाही. गिऱ्हाइकाची बँक दुसरी फेरी मागू शकते, आणि त्याहीपुढे कार्ड कंपनीच्या लवादापर्यंत जाता येतं. तिथली फी शेकडो डॉलरांत असते आणि ती हरणाऱ्यावर पडते, म्हणून धापोड्यांच्या ऑर्डरीसाठी तिथवर जायचं नाही. दुसऱ्या फेरीत नवा पुरावा असेल तर दे, नसेल तर तिथंच सोड. कापलेले ₹२,३४० सेटलमेंटमध्ये परत आले का, ते खात्याच्या उताऱ्याशी ताडून बघ. आले नसतील तर गेटवेला तक्रारीचा नंबर घालून लेखी विचार, आणि पैसे येईपर्यंत त्या फोल्डरवर लाल खूण करून ठेव.