साक्ष देण्याआधी बेडका तपासा

मोठ्या मामांना क्षयरोग झाल्याचं कळलं तेव्हा मिरजेच्या आमच्या घरात कुणी फारसं घाबरलं नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल आणि सांगलीच्या वाटेवर वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी उभं राहिलेलं आरोग्यधाम, यांच्याच गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. प्रार्थना आणि औषध यांचं वैर असतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

सरकारी गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दीड महिन्यात ताप उतरला, खोकला कमी झाला, मामा दोन भाकऱ्या खाऊ लागले. त्याच सुमारास बाहेरगावच्या एका प्रचारकाने आरोग्यसभेत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मामा साक्ष द्यायला उभे राहिले. लोकांनी हालेलुया म्हटलं आणि प्रचारकाने माइकवरूनच सांगून टाकलं, की प्रभूने बरं केल्यावर गोळी घेणं म्हणजे अविश्वास! त्या दिवसापासून गोळ्या बंद.

क्षयाची खोच नेमकी इथेच आहे. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून माणसाला बरं वाटतं. उरलेले चिवट जंतू मारायला साध्या क्षयातही सहा महिने औषध लागतं. मध्येच सोडलं तर रोग उलटतो, आणि उलटताना औषधाला न जुमानणारा होऊ शकतो. मामांचं तेच झालं. पुढची दोन वर्षं उपचारांत गेली. त्यात कित्येक महिने टोचून घ्यावी लागणारी इंजेक्शनं होती. तेव्हा त्या इंजेक्शनांनी अनेकांच्या श्रवणशक्तीवर घाला घातला. मामा वाचले, पण त्यांना जेमतेम ऐकू येतं.

याहून मला लागलं ते दुसरंच. आजार उलटल्यावर त्या प्रचारकाने निरोप धाडला, “विश्वास कमी पडला.” रोग्याच्या उशाशी असलं वाक्य ठेवून जाणाऱ्याने शुभवर्तमान नीट वाचलेलं नसतं. छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडलं, तेव्हा येशूने त्याला आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. बेथेस्दाच्या तळ्याकाठी बरा झालेल्या माणसाला तर आपल्याला बरं करणारा कोण, हेही माहीत नव्हतं. आणि पौल? त्याने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारीच मागे ठेवलं. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि लूक वैद्य त्याचा सोबती होता. यांचा सगळ्यांचा विश्वास तोकडा होता काय?

देव बरं करतो, असं मी आजही मानतो. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, तेल लावून घ्यावं. पण त्या काळी तेल जखमेवरही ओतत. चांगल्या शोमरोन्याने तेच केलं. दहा कुष्ठरोग्यांना येशूने याजकांकडे पाठवलं, कारण कोण शुद्ध झालं हे पाहून ठरवायचं काम नियमशास्त्राने त्यांच्यावर सोपवलं होतं. तपासणीला प्रभूने कमी लेखलं नाही. मग आपण बेडका, साखर, रक्तदाब तपासायला का लाजावं? आमच्या पाळकांनी आता नियमच केलाय, की आजारातून बरं झाल्याची साक्ष रिपोर्ट आल्यावरच. काही जण कुरकुरले. कुरकुरू देत.

प्रार्थनेला जरूर जा, पण गोळ्या बंद करायचा सल्ला आला तर तो देणाऱ्याला आपल्या डॉक्टरांसमोर तेच बोलायला सांगा. इन्सुलिन, फेफऱ्याची गोळी, मानसिक आजाराची औषधं यांनाही हेच लागू. ती एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. आणि कुणाच्या घरी गोळ्या आधीच सुटल्या असतील, तर उरलेली पाकिटं काढून मनानेच पुन्हा सुरू करू नका. उपचार केंद्रात जा, किती दिवस खंड पडला ते खरंखरं सांगा, बेडका पुन्हा तपासून घ्या. तिथे एकट्याला जायला संकोच वाटत असेल तर पाळकांना सोबत न्या, आमचे येतात.