स्वमग्न मुलांचा व्यायाम आणि मोबाईल

"डॉक्टरसाहेब, हा मोबाईल सोडत नाही. वजन तर वाढतच चाललंय." सोळा वर्षांच्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईची ही तक्रार. "रोज फिरायला न्या," एवढे सांगून मी मोकळा झालो. महिनाभराने त्या पुन्हा आल्या. मुलगा फाटकाबाहेर पडायलाच तयार नव्हता.

चूक माझी होती. अशा अनेक मुलांना नवी जागा, गोंगाट, अचानक झालेला बदल सोसत नाही. सांगितलेल्यापेक्षा पाहिलेले त्यांना बहुधा लवकर उमगते. म्हणून मोबाईललाच कामाला लावले.

वडिलांनी मेहरूण तलावाकाठी स्वतः चालतानाचे दोन मिनिटांचे चित्रण केले. मुलाने ते आठवडाभर घरी पाहिले. मग पहाटे, गर्दी नसताना, त्याच वाटेने पाच मिनिटे चालणे सुरू झाले. मोबाईलवर पावलांचा वाढता आकडा पाहणे त्याला आवडू लागले. धुळेकरांना पांझराकाठी हेच करता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी, अपंगत्व असलेल्यांसाठीही, रोज सरासरी ६० मिनिटे व्यायाम सुचविला आहे. वाढ मात्र हळूहळू करावी.

काही पथ्ये : खानदेशातील उन्हाळ्यात ऊन चढण्याआधीच घरी परतावे. तहान लागल्याचे मूल सांगेलच असे नाही. पाणी आपणच द्यावे. फिट येत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. रिस्पेरिडॉनसारख्या औषधाने भूक व वजन वाढू शकते; तरी ते परस्पर बंद करू नये.

व्यायामाने स्वमग्नता जात नाही. पण शरीर सुदृढ राहते, आणि ते या मुलांनाही हवेच.