नळी श्वासनळीतच आहे ना? खात्री करूनच पुढे जाऊ

जन्मल्यावर श्वास न घेणारी बहुतेक बाळे पुसून, पाठ चोळून आणि गरज पडल्यास मास्क व अंबू बॅगने हवा दिल्यावर सावरतात. मोजक्याच बाळांच्या श्वासनळीत ट्यूब घालावी लागते. परंतु अन्ननळीचे तोंड अगदी शेजारीच असते. ट्यूब तिथे गेली तर हवा पोटात जाते आणि फुप्फुसे उपाशी राहतात. म्हणून आम्ही परिचारिका पुढील खुणा पाहतो.

१. हृदयाचे ठोके : हवा सुरू होताच ठोके भराभर वाढायला हवेत. ६ सेकंदांतले ठोके मोजून १० ने गुणावे.

२. कार्बन डायऑक्साइड डिटेक्टर : हे छोटे साधन ट्यूबला जोडतात. ८ ते १० श्वासांत त्याचा जांभळा रंग पिवळा झाला, तर ट्यूब श्वासनळीत आहे. रंग बदलला नाही, तर ती बहुधा अन्ननळीत आहे. मात्र ठोके अतिशय मंद किंवा बंद असतील, तर ट्यूब बरोबर असूनही रंग बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे.

३. छाती व आवाज : छाती दोन्हीकडे सारखी उचलली जावी, दोन्ही काखांत हवेचा आवाज सारखा यावा. पोट फुगत असेल तर धोका समजावा. आवाज उजवीकडेच येत असेल, तर ट्यूब बहुधा खोल गेली आहे. ती थोडी मागे घ्यावी लागते. इवल्या छातीत पोटातला आवाजही फुप्फुसातला वाटतो. म्हणून फक्त कानांवर विसंबू नये.

४. खोली : बाळाच्या वजनाच्या किलोत ६ मिळवावे. ३ किलोच्या बाळाला ओठांशी साधारण ९ सेंटिमीटरची खूण यावी.

नंतर एक्स-रे काढतात. पण पहिल्या मिनिटांतला निर्णय त्यासाठी थांबवता येत नाही. ट्यूब श्वासनळीत नसेल, तर ती काढून पुन्हा मास्कने हवा द्यावी. बाळाला उचलल्यावर, अँबुलन्समध्ये ठेवल्यावर सर्व खुणा परत तपासाव्यात.

केवळ मोठ्यांनी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. प्रसूतिगृहातही तेच लागू आहे. डॉक्टर “ट्यूब बरोबर आहे” म्हणाले, तरी “सर, रंग बदलला नाही” हे नर्सताईने मोठ्याने सांगितलेच पाहिजे. तो उद्धटपणा नव्हे, ते कर्तव्य आहे. आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयात हा डिटेक्टर आहे का, हे रुग्ण कल्याण समितीला विचारणे आपल्या सर्वांचे काम आहे. गरिबाच्या बाळाचा श्वासही तितकाच मोलाचा आहे.

जय भीम!